सोयाबीनच्या रिपोर्टाबद्दल, भाऊ

तुझा खरेदीचा रिपोर्ट पाहिला. मेहनत दिसते, पण अकरा रंगांचा तो पाय चार्ट पहिले काढून टाक. कारंजाची आवक जास्त की मंगरूळपीरची, हे कोणत्या फाकेवरून ओळखायचं? आडवे पट्टे घे. सगळ्यात जास्त आवक वर, मग उतरत्या क्रमानं.

पट्टे शून्यापासूनच सुरू कर. भावाचा पट्टा ४,००० पासून काढला, की ४,२०० अन् ४,४०० मधला दोनशेचा फरक थेट दुप्पट दिसतो. मी एकदा अशीच शीट संचालकांपुढे ठेवली. एक काका म्हणाले, "त्या गावाले दुप्पट भाव कायले देल्ला?" समजावता समजावता घाम फुटला राजा.

ओलाव्याच्या आलेखात १२ टक्क्यांवर एक आडवी रेष मार. एफएक्यू, म्हणजे खरेदीला चालणाऱ्या सरासरी चांगल्या दर्जाची मर्यादा तीच, अन् लोकांची नजर तीच शोधते. रेषेच्या वर गेलेले लॉट गडद, बाकी सगळे फिके राखाडी. लाल-हिरव्याच्या भानगडीत पडू नको. काहींना तो फरक दिसतच नाही, अन् झेरॉक्स मारली की दोन्ही सारखेच काळे.

१२४५३०० असं लिहू नको, १२.४५ लाख लिही. 'आवक अहवाल' या मथळ्यातून काहीच कळत नाही. 'रिसोडची आवक घटली' असं सरळ सांग. थ्रीडीचं तर नावच काढू नको.

अन् पाठवायच्या आधी मोबाइलवर उघडून पाहा. आपले बरेच सभासद तो वावरात, भर उन्हात उघडतात.