विचारा नृत्याबद्दल: मैदानात ताल कुठं हरवतो?

प्रश्न: ताई, आम्ही दहा जणी, सगळ्या हौशी. कामं उरकून संध्याकाळी एका हॉलमध्ये तालीम करतो. मागच्या वर्षी महोत्सवात मैदानातल्या स्टेजवर नाचलो, तर पुढची रांग ठेक्यात आणि मागची अर्धी मात्रा उशिरा. हॉलमध्ये असं कधीच झालं नव्हतं. यंदा तालमी दुप्पट करायच्या असं गटात ठरतंय. योग्य आहे का?

उत्तर: मुळीच नाही. तालमी दुप्पट केल्यात तर पाय दुखतील आणि मागची रांग होती तिथंच राहील. पावलं तुम्हाला येतात. घोळ ऐकू येण्याचा आहे.

हॉलमध्ये स्पीकरचं तोंड तुमच्याकडे असतं. मैदानात मोठे स्पीकर स्टेजच्या पुढच्या कडेला असतात आणि त्यांची तोंडं प्रेक्षकांकडे. त्यांच्या मागे उभ्या राहणाऱ्यांच्या वाट्याला येते ती नुसती ढमढम. खर्जातला आवाज चहूकडे पसरतो, पण शब्द, बासरी, झांज हे सगळं स्पीकरच्या तोंडासमोर निघून जातं. त्यातून समोर एखादी उंच इमारत असली की बघायलाच नको. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. भिंत ५० मीटरवर असेल तर तो तिथं आपटून परत यायला ०.३ सेकंद लागतात. मिनिटाला १२० ठोके असलेल्या गाण्यात दोन ठोक्यांमधलं अंतर ०.५ सेकंद. म्हणजे प्रतिध्वनी येतो तो अर्ध्या मात्रेहून जरासा मागे! तुमच्या मागच्या रांगेनं बहुधा तोच धरला. त्या बिचाऱ्या तालातच होत्या, पण भिंतीच्या.

तेव्हा आयोजकांकडे आधीच मॉनिटर मागा, म्हणजे नाचणाऱ्यांकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर. ‘बघू’ म्हणाले तर पुन्हा विचारा. हौशी गट इथंच भिडेखातर गप्प बसतात. नाहीच मिळाला, तर जिचा ताल सर्वांत पक्का तिला पुढच्या रांगेत, सगळ्यांना दिसेल अशी उभी करा आणि मागच्यांनी कान सोडून डोळ्यांनी तिला धरायचं. दिसायला सुंदर म्हणून कुणाला पुढं उभं करण्याची पद्धत मला कधीच पटलेली नाही. रांगा बदलण्याच्या खुणा गाण्याच्या शब्दांवर ठेवू नका, ठोक्यांवर ठेवा. एक तालीम स्पीकर दाराबाहेर ठेवून, दार लोटून करा. भांडणं होतील, पण उपयोग होईल.

आता स्टेज. लांबी-रुंदी मीटरमध्ये विचारून घ्या, त्यातून स्पीकर आणि पायऱ्यांची जागा वजा करा आणि उरेल तेवढा चौकोन हॉलच्या जमिनीवर चिकटपट्टीनं आखा. दहा जणींच्या गिरक्या त्यात मावत नसतील तर ते आजच कळलेलं बरं. खाली सिमेंट असेल तर उड्या काढून टाका. सिमेंट जराही दबत नाही, सगळा दणका नडगीला आणि गुडघ्याला बसतो. फळ्यांचं स्टेज असेल तर सांध्यांवरून एकदा चालून बघा. अनवाणी नाचणार असाल तर दुपारच्या उन्हात आधी तळहात टेकवून पाहा, काळा पृष्ठभाग विलक्षण तापतो. पाऊस पडून गेला असेल तर पुसून घेतल्याशिवाय चढू नका. पुसूनही निसरडं वाटलं तर गिरक्या रद्द. इथं मी कुणाचं ऐकत नाही.

दिवसा अंधार करता येत नाही, पडदाही नसतो. त्यामुळे पायरीवर पाऊल ठेवल्यापासून नाच सुरू झालेला असतो आणि शेवटची पोझ सोडून ओढणी सावरत, हसत, एकमेकींना ढकलत उतरलात तर तेही सगळ्यांना दिसतं. आत येणं आणि बाहेर जाणं तालमीत बसवा. ३० मीटरवरून बोटांचं नाजूक काम दिसत नाही, खांद्यापासून निघालेला हात दिसतो. ओढणी दोन्ही टोकांना पिन करा.

गाणं पेनड्राइव्हवर आणि शिवाय एका फोनवर घ्या. तो फोन एअरप्लेन मोडवर. न नाचणारी, पण गाणं पाठ असलेली एक जण साउंडवाल्याशेजारी उभी करा. आणि गाणं सहा मिनिटांचं असेल तर चारवर आणा. मैदानातले प्रेक्षक उभे असतात, ते निघून जातात.

प्रश्न: नाचताना मनात आकडे मोजते, तर ओठ हलतात. मैत्रिणी हसतात. काय करू?

उत्तर: मोजत राहा. मैदानात तुमचे ओठ फार तर पहिल्या दोन रांगांना दिसतील. अगदीच लाज वाटत असेल तर सगळे आकडे मोजू नका, जागा बदलण्याआधीचे चारच मोजा. हसणाऱ्या मैत्रिणींपैकी कोण तुमच्याकडे बघून पाऊल टाकते, तेवढं मात्र पुढच्या तालमीत जरूर पाहा.