आधी ग्रॅम मोज, मग जीन घाल

प्रिय पोरी,

तुझा मेसेज नीट वाचला. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला ई. कोलाय या बॅक्टेरियामध्ये जीन घालून कसलं तरी इंडस्ट्रीचं केमिकल बनवायचंय, कुठलं ते अजून ठरलं नाही, गाईड म्हणालेत तूच ठरवून ये, आणि तू मला विचारतेयस प्लास्मिड घेऊ (जीन पेशीत डीएनएच्या वेगळ्या छोट्या गोल तुकड्यावर ठेवू) की क्रिस्पर करू (डीएनए कापून जीन थेट क्रोमोसोममध्ये बसवू). सांगते, पण शेवटी सांगते, कारण हा प्रश्न चौथा-पाचवा आहे आणि तू तो पहिला विचारलास. पहिला प्रश्न असा की जंतूनं एक किलो साखर खाल्ली तर त्यातनं तुझं केमिकल जास्तीत जास्त किती ग्रॅम निघू शकतंय, नुसतं कागदावर. ते काढल्याशिवाय प्राइमर, म्हणजे जीनच्या कॉपी काढायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे, ऑर्डर करू नको, हे अगदी मनापासून सांगते.

तुमच्या घरी ऊस आहे त्यामुळं तुला हे लगेच कळेल. ऊस काट्यावर गेला की वडील आधी टन बघतात आणि मग कारखान्याची रिकव्हरी किती बसली ते विचारतात, तसंच जंतूच्या बाबतीत करायचं, आत किती कार्बन गेला आणि मालात किती आला. 180 ग्रॅम ग्लुकोज घेतलं तर यीस्ट त्याचं जास्तीत जास्त 92 ग्रॅम इथेनॉल करतं, बाकीचे 88 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातात, म्हणजे 51 टक्के, आणि हा आकडा कुणाच्या बापाला वाढवता येत नाही. तेच लॅक्टिक अ‍ॅसिड केलं तर 180 चे 180, हवेत काहीच जात नाही. आणि आयसोब्युटीन सारखा नुसता कार्बन-हायड्रोजनचा गॅस करायला गेलं तर 56 ग्रॅम, म्हणजे 31 टक्के. का? साखरेच्या वजनात निम्म्याच्या वर ऑक्सिजनच असतो, आणि तुझ्या मालात ऑक्सिजन नको असेल तर तो सगळा पाणी नाहीतर कार्बन डायऑक्साइड बनवून टाकून द्यावा लागतो, आणि साखर मात्र पूर्ण भावानं विकत घेतलेली असते.

हे गणित लहान वाटतं पण यानं मोठमोठे प्रकल्प अडवलेत. अमायरिस नावाची कॅलिफोर्नियाची कंपनी होती, त्यांनी यीस्टकडनं फार्नेसीन करून घेतलं, 15 कार्बनचा हायड्रोकार्बन, त्यातनं डिझेल करायचं होतं, आणि त्यासाठी ब्राझीलमध्ये ब्रोटास इथं उसाच्या पट्ट्यात मोठा प्लांट टाकला, 2012 च्या शेवटी तो सुरू झाला. सायन्स अगदी पहिल्या नंबरचं होतं, यात मला आजही शंका नाही. पण फार्नेसीनची कागदावरची रिकव्हरीच साखरेच्या एक तृतीयांशाच्या आत आहे, आणि डिझेल ही स्वस्त वस्तू, मग शेवटी त्यांना त्याच फार्नेसीनपासून स्क्वालेन करून कॉस्मेटिक्सकडं वळावं लागलं, कारण तिथं किलोला भाव मिळतो. 2023 मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याची कारणं पुष्कळ होती, सगळा दोष जंतूचा नाही, पण मला विचारशील तर स्वस्त आणि ऑक्सिजन नसलेली वस्तू साखरेपासून करायला जाऊ नये हे त्या रेणूकडं बघूनच कळत होतं.

आता जमलेलं उदाहरण पण बघ. ड्यूपाँट आणि जेनेनकॉर यांनी ई. कोलायकडनं 1,3-प्रोपेनडायॉल बनवून घेतलं, त्यापासून कार्पेटचा आणि कापडाचा धागा होतो, आणि 2006 मध्ये टेट अँड लाइलबरोबर अमेरिकेत टेनेसी राज्यात लाऊडन इथं प्लांट चालू केला. ग्लुकोजपासून ग्लिसरॉल करणारे जीन यीस्टचे, ग्लिसरॉलच्या पुढची पायरी करणारे क्लेबसिएला या बॅक्टेरियाचे, आणि शेवटच्या पायरीला पण क्लेबसिएलाचंच एन्झाइम घातलं होतं, पण मग लक्षात आलं की ई. कोलायच्या स्वतःच्या अंगात एक एन्झाइम पडून आहे, वाय-क्यू-एच-डी, आणि त्यानंच काम जास्त चांगलं होतंय. मला या गोष्टीचं फार कौतुक आहे. बाहेरनं आणलेल्या जीनपेक्षा घरचा जीन सरस ठरला, आणि तो सापडला कारण ती माणसं लिटरला किती ग्रॅम हे सारखं मोजत बसली होती. पुढं त्यांनी साखर आत घेण्याची सिस्टिमसुद्धा बदलली, कारण ई. कोलायची मूळची सिस्टिम साखर आत ओढताना पी.ई.पी. नावाचा पेशीतला कामाचा रेणू खर्च करते. शेवटी लिटरला 135 ग्रॅमपर्यंत पोचले. पेपरमध्ये तुला लिटरला 2 ग्रॅम, 5 ग्रॅम असे आकडे दिसतील आणि वर "हाय टायटर" (टायटर म्हणजे लिटरला किती ग्रॅम माल) लिहिलेलं असेल, तेव्हा हा 135 आठव.

टायटरला एवढं महत्त्व का तर पाणी. लिटरला 5 ग्रॅम माल असेल तर एक किलोसाठी 200 लिटर पाणी हाताळायचं, 100 ग्रॅम असेल तर 10 लिटर. फर्मेंटरच्या पुढचा सगळा खर्च, वाफ, फिल्टर, कॉलम, या एका आकड्यावर हलतो. आणि वेळ पण मोज, तासाला लिटरमागं किती ग्रॅम, कारण सहा दिवस अडकून पडलेला फर्मेंटर दोन दिवसांत मोकळा होणाऱ्या फर्मेंटरच्या तिप्पट महाग पडतो. रिकव्हरी, टायटर, रेट, हे तिन्ही तुझ्या वहीच्या पहिल्या पानावर पाहिजेत.

आता आपल्या भागाचं बोलू. तू चिकोडी तालुक्यात बसून अमेरिकन पेपर वाचतेयस आणि त्यातला प्रत्येकजण शुद्ध ग्लुकोज घालतोय, तिकडं ते मक्यापासून मिळतं. आपल्याकडं काय आहे, तर मळी, म्हणजे साखर काढून उरलेला काळा घट्ट पाक. अथणी, रायबाग, चिकोडी, संकेश्वर, जिकडं जाशील तिकडं कारखाना, आणि पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल घालायचं ठरल्यापासनं डिस्टिलऱ्या पण वाढल्या. मळीतली साखर म्हणजे मुख्यतः सुक्रोज, थोडं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. आणि तुझ्या लॅबमधला ई. कोलाय के-12, ज्याच्यावर सगळं क्लोनिंग शिकवतात, त्याला सुक्रोज खाताच येत नाही! ई. कोलायचाच डब्ल्यू नावाचा स्ट्रेन खातो. यीस्टला तर काही अडचणच नाही, ते पेशीच्या बाहेरच इन्व्हर्टेज सोडून सुक्रोज फोडतं आणि दोन्ही साखरा आत घेतं. म्हणजे होस्ट, जीन ज्यात घालायचा तो जंतू, कुठला घ्यायचा हे तुझ्या दाराशी काय कच्चा माल आहे त्यावरनं ठरतंय, लॅबच्या फ्रीजमध्ये काय पडलंय त्यावरनं नाही. मळीत पोटॅश भरपूर, कॅल्शियम भरपूर, कारखान्यात जळून काळं झालेलं काय काय असतं, टाकीत महिनोन्महिने साठवली की अजून बिघडते, आणि हे सगळं जंतूला सोसावं लागतं. बी-हेवी मळी, म्हणजे सगळी साखर न काढता मधल्या टप्प्यावर घेतलेली, त्यामानानं चांगली, साखर जास्त राहते.

म्हणून माझं म्हणणं, गळीत हंगाम चालू असताना जवळच्या एखाद्या डिस्टिलरीच्या लॅबमध्ये थोडे दिवस जा. गाईडचं पत्र घेऊन जा, केमिस्ट लोक सहसा नाही म्हणत नाहीत. तुला कन्नड येतंय ही फार मोठी गोष्ट आहे, फर्मेंटरवरच्या ऑपरेटरशी कन्नडमध्ये बोल, तो तुला जे सांगेल ते कुठल्या टेक्स्टबुकमध्ये मिळायचं नाही, वॉशचं, म्हणजे आंबवायला घातलेल्या पातळ मळीचं, टेंपरेचर कधी चढतं, फेस कधी येतो, लॅक्टोबॅसिलस हा आंबट करणारा बॅक्टेरिया घुसला की वास कसा बदलतो. एप्रिलमध्ये कूलिंग वॉटरच कोमट असतं तेव्हा काय करता हे पण विचार. जंतू वाढताना उष्णता सोडतो, आणि हवा लागणारा जंतू असेल तर त्याहून कितीतरी जास्त सोडतो, फ्लास्कमध्ये ती कळत नाही, लाख लिटरमध्ये ती काढणं हेच एक मोठं काम होऊन बसतं. स्पेंट वॉशचं काय करतात ते पण डोळ्यांनी बघून ये, एका लिटर अल्कोहोलमागं दहाच्या आसपास लिटर घाण पाणी निघतं आणि त्याची सोय केल्याशिवाय कुणाला प्लांट चालवता येत नाही.

आता कुठलं केमिकल. माझं मत विचारशील तर लॅक्टिक अ‍ॅसिड, यीस्टमध्ये. नवीन नाही हे मला माहिती आहे, पण तुला शिकायचंय आणि यात सगळं शिकायला मिळतं. लॅक्टिक अ‍ॅसिडपासून पी.एल.ए. प्लास्टिक होतं. बॅक्टेरिया ते कधीपासून बनवतायत, पण अ‍ॅसिड साठलं की स्वतःच थांबतात, म्हणून चुना घालत राहायचा, मग शेवटी सल्फ्युरिक अ‍ॅसिड घालून लॅक्टिक सोडवून घ्यायचं, आणि त्यात टनाला जवळजवळ टनभर जिप्सम तयार होतं. त्या जिप्समच्या ढिगाचं करायचं काय? कारगिलनं याच्यावर उपाय म्हणून आंबटपणा सोसणारं यीस्ट तयार केलं, चुना कमी, जिप्सम कमी. जीन घालण्याचं कारण असं असावं, कारखान्यातली एक खरी अडचण सुटावी म्हणून.

यीस्टमध्ये लॅक्टेट डिहायड्रोजनेज या लॅक्टिक बनवणाऱ्या एन्झाइमचा एक जीन घातला की पायरुव्हेटला, म्हणजे साखर फुटून होणाऱ्या तीन कार्बनच्या रेणूला, दोन वाटा होतात, एक जुनी इथेनॉलची, एक नवी लॅक्टिकची. जुनी वाट पूर्ण बंद केलीस, म्हणजे त्या वाटेचं पहिलं एन्झाइम पायरुव्हेट डिकार्बोक्सिलेज काढून टाकलंस, तर यीस्ट ग्लुकोजवर नीट वाढत नाही, कारण त्याला दोन कार्बनचा तुकडा तिकडनंच मिळतो. मग किती बंद करायची, कधी करायची, हा तुझा प्रोजेक्ट. आणि पी.एच. 3.86 च्या खाली गेला की निम्म्याहून जास्त लॅक्टिक न फुटलेल्या रूपात असतं, ते परत पेशीत घुसतं, पेशीला ते बाहेर ढकलायला ए.टी.पी., म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, खर्चावा लागतो, आणि ग्लुकोजच्या एका रेणूमागं हातात ए.टी.पी. दोनच असतात. वाढ का मंदावली हे तुला इथं समजेल.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. क्रोमोसोममध्ये घाल, क्रिस्परनं घाल. प्लास्मिड टिकवायला सिलेक्शन, म्हणजे प्लास्मिड नसलेल्या पेशीला वाढू न देणारी अट, लागतं, आणि मळीत ते सिलेक्शन भरवशाचं राहत नाही, अँटिबायोटिक घालायचं म्हटलं तर मोठ्या फर्मेंटरला ते परवडत नाही आणि घालू पण नये. प्लास्मिड टाकून दिलेली पेशी हलकी होऊन भराभर वाढते आणि माल बनवणारी मागं पडते. क्रोमोसोममध्ये घातलं तरी हा धोका पूर्ण जात नाही, म्हणून पन्नासेक पिढ्या वाढवून परत मोज, आणि तो आकडा थीसिसमध्ये लिही, वाईट आला तरी.

मोजायला एच.पी.एल.सी., म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन, स्वतः शिक, सॅम्पल देऊन रिपोर्ट घेऊ नको. साखर, लॅक्टिक, इथेनॉल, ग्लिसरॉल, अ‍ॅसिटेट सगळं एकाच कॉलमवर दिसतं. आत गेलेला कार्बन आणि बाहेर आलेला कार्बन जुळला पाहिजे, जुळत नसेल तर काहीतरी दिसायचं राहिलंय, आणि जे राहिलंय तिथंच बहुतेक वेळा खरी बातमी असते.

यीस्टचा स्ट्रेन पुण्याच्या एन.सी.एल. प्रयोगशाळेतल्या एन.सी.आय.एम. या जंतूंच्या संग्रहाकडनं मागवता येतो. सुरू करायच्या आधी कॉलेजच्या बायोसेफ्टी कमिटीला लिहून दे, जीन बदललेल्या जंतूंबद्दलच्या 1989 च्या नियमांनुसार ते लागतंच, आणि उरलेलं कल्चर ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय सिंकमध्ये ओतायचं नाही, मैत्रिणीनं ओतलं तरी तू ओतायचं नाही. बेळगावातच एस. निजलिंगप्पा शुगर इन्स्टिट्यूट आहे, तिथं मळीबद्दल विचारायला जा. एम.एस्सी.नंतर फर्मेंटेशनकडंच वळावंसं वाटलं तर मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचा अल्कोहोल टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा बघ, पीएच.डी. करायची असेल तर मुंबईचं आय.सी.टी. हे केमिकल टेक्नॉलॉजीचं विद्यापीठ बघ. 2024 च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं बायो-ई-3 पॉलिसी मंजूर केलीय, त्यात बायो-मॅन्युफॅक्चरिंगवर भर आहे, आणि पुण्याच्या प्राज कंपनीनं जेजुरीला बायोप्लास्टिकचा डेमो प्लांट काढलाय, म्हणजे निपाणीवरनं हायवेला लागलीस तर काही तासांवर हे काम चालू आहे, त्यासाठी बोस्टनलाच जायला पाहिजे असं नाही.

आता एक कर. मळीच्या एका लिटर वॉशमध्ये साखर किती, त्यातनं लॅक्टिक जास्तीत जास्त किती, यीस्ट स्वतःच्या वाढीला किती खाणार, हा हिशोब एका पानावर हातानं लिही आणि फोटो काढून पाठव. रविवारी संध्याकाळी मी फोनवर असते, तेव्हा बसून बघू. गाईडना पण तेच पान दाखव.

आईला नमस्कार सांग.

तुझी
ताई