ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. चाकांचं बॅलन्सिंग करून झालं, आता ब्रेकच्या डिस्क बदलू का?

बॅलन्सिंगचा इथे संबंधच नव्हता. ब्रेक न लावता ८०-९० ला थरथरलं असतं तर गोष्ट वेगळी. फक्त ब्रेकवर स्टिअरिंग हलतंय म्हणजे पुढच्या डिस्क बघा. सीट हलत असेल तर बहुधा मागची बाजू.

पण 'डिस्क वाकली, बदलून टाक' हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. आमच्या भाऊजींना गाड्यांतलं सगळं कळतं असा घरात समज आहे. त्यांनी ओळखीच्या मेकॅनिककडून माझ्या पुढच्या दोन्ही डिस्क बदलून घेतल्या. गाडी झकास थांबायला लागली आणि ते त्यांनी येता-जाता ऐकवलं. काही महिन्यांनी थरथर परत. यावर त्यांचं निदान: "तुझा पाय जड आहे." ताईनेही मान डोलावली!

शेवटी मीच चाक काढून, डिस्क नटांनी आवळून डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) लावलं. रनआउट, म्हणजे फिरताना डिस्क आत-बाहेर किती डुलते ते, ०.१२ मिमी. बऱ्याच गाड्यांना ०.०५ च्या आसपासच चालतो. डिस्क उतरवली तर हबवर (डिस्क ज्यावर बसते त्या भागावर) गंजाचे पापुद्रे तसेच, त्यावरच नवी डिस्क चढवलेली. अशी तिरकी बसलेली डिस्क ब्रेक न दाबताही दर फेरीला ठरावीक जागीच पॅडला घासते. हजारो किलोमीटरांत तेवढी जागा पातळ होते, आणि जाडीतला १५-२० मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांचा) फरकसुद्धा स्टिअरिंगवर हाताला जाणवतो. म्हणजे डिस्क वाकत नाही, कमी-जास्त झिजते. म्हणूनच नवी टाकली की सुरुवातीला सगळं छान वाटतं. भाऊजींच्या हातात जाडी मोजायचा मायक्रोमीटर देऊन हे दाखवलं. म्हणाले, "डिस्कच हलकी निघाली."

तेव्हा आधी मोजून घ्या. कडेने सात-आठ ठिकाणी जाडी बघा; डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा पुरेशी जास्त असेल तर लेथवर फेस मारून, म्हणजे पृष्ठभाग तासून सपाट करून, भागतं. काहीही करा, पण हब वायर ब्रशने लखलखीत झाल्याशिवाय डिस्क चढवू देऊ नका, मेकॅनिक हसला तरी. नट समोरासमोरचे आवळायचे, तेही ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या टॉर्क रेंचनेच. एअर गनने करकचून आवळणारा माणूस भाऊजींच्या ओळखीचा असणार.

हां, कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना अडकल्यात का आणि सस्पेन्शनमधल्या लोअर आर्मचे रबरी बुश ढिले आहेत का, तेही बघा. ढिल्या बुशमुळे थोडी थरथरही मोठी वाटते. आणि गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा डिस्कला तडा दिसला, तर ती चालवत गॅरेजला नेऊ नका, उचलून न्या.