कायप्रो टू साठी मेमरी चिप: ४१६४ हा आकडा जुळला म्हणजे काम झालं, असं नाही

तुमच्या कायप्रो टूचं, म्हणजे १९८० च्या दशकातल्या त्या जुन्या संगणकाचं, वर्णन वाचलं. चालू केल्यावर सगळं ठीक, मशीन तापलं की फायलींत भलतीच अक्षरं, जुन्या चिपांवरचे आकडे अर्धवट पुसलेले, आणि विक्रेता म्हणतो, "कुठलीही ४१६४ लावा, चालेल." ते शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही. माझ्या मशीनने हेच दुखणं काढलंय, आणि माझा सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा याच वाक्यापायी गेला.

आठ चिपा, प्रत्येक बाइटचा एकेक बिट एकेका चिपेत, मिळून ६४ किलोबाइट, हे तुम्हाला ठाऊक असेलच. चिप काढायची कशी हेही सांगत बसत नाही. मुद्दा रिफ्रेशचा आहे.

४१६४ मधला डेटा सतत ताजा करावा लागतो. कायप्रोत हे काम झेड-८० प्रोसेसर स्वतः करतो. प्रत्येक सूचना वाचताना तो एका ओळीचा पत्ता बाहेर टाकतो आणि मेमरीतली ती ओळ ताजी होते. पण त्याचा हा मोजणारा काउंटर सातच बिटांचा आहे. म्हणजे १२८ ओळी झाल्या की तो पुन्हा पहिलीवर येतो. आता ४१६४ च्या जाती दोन. एक जात २ मिलिसेकंदांत १२८ वेळा रिफ्रेश मागते, दुसरी ४ मिलिसेकंदांत २५६ वेळा. पाय तेच, व्होल्टेज तेच, वेग तोच. पण दुसरी जात झेड-८० च्या भरवशावर सोडली तर तिच्या निम्म्या ओळी कधी ताज्या होतच नाहीत. एखादा प्रोग्रॅम योगायोगाने त्या ओळी वाचत राहिला तर त्या तगतात, नाहीतर हळूहळू गळतात. उष्णता वाढली की गळती वाढते. तुमचं मशीन तापल्यावर का बिघडतं याचं हे एक सरळ कारण असू शकतं. (असू शकतं म्हणतोय. बोर्ड समोर नसताना खात्रीने सांगणं बरोबर नाही.)

माझ्या बाबतीत जुन्या संगणकांची दुरुस्ती करणाऱ्या एका ठिकाणी मशीन दिलं होतं. मूळ चिपांपैकी एखादीच खराब असावी. त्यांनी आठही बदलल्या, मूळ चिपा फेकून दिल्या आणि मेमरी टेस्ट पास झाल्याचं सांगून मशीन परत केलं. घरी तीच रड. परत नेलं तर म्हणाले फ्लॉपी ड्राइव्ह खराब आहे. मग म्हणाले पॉवर सप्लाय. कुठल्या कंपनीच्या चिपा बसवल्या एवढंच विचारत होतो, तर उत्तर एकच: "४१६४ आहेत, स्टँडर्ड आहेत." शेवटी बोर्ड बाहेर काढून भिंगाखाली पाहिलं तेव्हा आठही चिपा टीएमएस ४१६४ निघाल्या, म्हणजे २५६ वाली जात. चिपा उत्तम होत्या, फक्त या मशीनच्या नव्हत्या. मला राग येतो तो चुकीच्या चिपेचा नाही, तिचं नाव सांगायला नकार देण्याचा. नाव कळलं असतं तर डेटाशीटचं (कंपनीच्या माहितीपत्रकाचं) एक पान उघडून तिथेच निकाल लागला असता. तुम्ही कुणाकडे काम दिलंत तर जुन्या चिपा परत मागा आणि नव्या चिपांचे पूर्ण क्रमांक लिहून घ्या. जो देत नाही त्याच्याकडे मशीन ठेवू नका.

त्यांची टेस्ट पास का झाली, हेही समजून घ्या. साधी मेमरी टेस्ट झपाट्याने सगळीकडे लिहिते आणि वाचते. त्या वाचण्यानेच सगळ्या ओळी ताज्या होत राहतात. खरी परीक्षा अशी: मेमरी एका ठराविक नमुन्याने भरा, मग एका छोट्याशा लूपमध्ये प्रोसेसरला काही मिनिटं फिरत ठेवा, आणि मगच वाचा. झाकण लावून, मशीन तापलेलं असताना. चूक १२८ बाइटांआड १२८ बाइट अशा पट्ट्यांत दिसली तर रिफ्रेशवरच संशय घ्या. चूक एकाच बिटात असेल तर एक चिप खराब. उदाहरणार्थ, हेक्साडेसिमल ५५ लिहिलं आणि ५१ मिळालं, तर फरक बिट २ चा. आठही बिट बिघडत असतील तर चिपांना दोष देण्याआधी पत्ता वाटून देणारे मल्टिप्लेक्सर तपासा.

आता चिप ओळखण्याबद्दल. नावात ४१६४ असायलाच हवं असं नाही. हिताचीची एचएम ४८६४, फुजित्सूची एमबी ८२६४, मोटोरोलाची एमसीएम ६६६५, ओकीची एमएसएम ३७६४, या सगळ्या त्याच कामाच्या आणि १२८ वाल्या. एनईसीची डी ४१६४ आणि मित्सुबिशीची एम५के ४१६४ सुद्धा १२८ वाल्या. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएमएस ४१६४ आणि मायक्रॉनची एमटी ४२६४ या २५६ वाल्या, त्या टाळा. कुणी ४१२५६ (२५६ किलोबिटची मोठी चिप) लावून पाय १ जमिनीला (ग्राउंडला) जोडायचा सल्ला देईल. इतर मशीनांत ती युक्ती चालते, पण तीही २५६ च मागते, म्हणून इथे मी ती सुचवणार नाही.

नावांचे सापळे आणखी आहेत. टीएमएस ४५३२ आणि एमएसएम ३७३२ या निम्म्याच चालणाऱ्या चिपा आहेत. ६४ मधला अर्धा भाग सदोष निघाला म्हणून ३२ च्या नावाने विकलेल्या. ४४१६ आणि ४४६४ ला तर १८ पाय असतात. ४११६ ला १६ च पाय, पण तिला तीन व्होल्टेज लागतात आणि पाय ८ वर १२ व्होल्ट. ४१६४ ला पाय ८ वर ५ व्होल्ट आणि पाय १६ जमीन. नेहमीच्या लॉजिक चिपांच्या बरोबर उलटं आहे हे, चिप बसवताना विसरू नका.

८३४२ असा आकडा दिसला तर तो बहुधा १९८३ चा ४२ वा आठवडा असतो, क्रमांक नाही. क्रमांकाच्या शेवटी असते त्या वेगाच्या शेपटीवरही डोळे झाकून विश्वास नको: हिताचीची -३ म्हणजे २०० नॅनोसेकंद, एनईसीची -३ म्हणजे १५०. दर कंपनीची डेटाशीट वेगळी वाचावीच लागते, आणि त्यात "रिफ्रेश सायकल" ही ओळ सगळ्यात आधी. शिक्का फार ताजा आणि माथा खरवडलेला दिसला तर पुन्हा शिक्का मारलेला माल समजा. असा माल मी तरी घेत नाही, कितीही स्वस्त असो.

सॉकेट नसेल तर एक चिप बदलतानाही सॉकेट लावाच. आणि झाकण काढण्यापूर्वी एवढं ध्यानात ठेवा की आत पिक्चर ट्यूब आहे. मशीन बंद केल्यावरही तिच्यात घातक विद्युतभार राहू शकतो. तो उतरवता येत नसेल तर येणाऱ्याला सोबत घ्या. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला इंजिनियर नाही, हे सगळं स्वतःचं मशीन सांभाळताना जमवलेलं आहे, त्यामुळे डेटाशीट आणि माझ्यात फरक दिसला तर डेटाशीटचं ऐका.

चिपांचा माथा आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच पुसा, तिरका उजेड टाका आणि आठही चिपांवर छापलेल्या दोन्ही ओळी जशाच्या तशा इथे लिहा. जात १२८ ची की २५६ ची, ते पाहून सांगतो. तोवर त्या विक्रेत्याला पैसे देऊ नका.