दोघांच्या घराचं नवं वेळापत्रक

तुम्ही लिहिलंय की मोठी मुलगी आधीच नोकरीसाठी बाहेर आहे, धाकटा येत्या जूनमध्ये शिकायला चाललाय, आणि "मुलं गेल्यावर उरलेली दोन माणसं दिवसभर करतात तरी काय?" एका ओळीत उत्तर हवं असेल तर सांगतो: सुरुवातीला फार काही करत नाहीत, कालची भाजी संपवतात.

थट्टा सोडा. पण भाजीचं खरं आहे, त्याकडे येतोच. आधी आमच्याविषयी थोडं. आम्ही बडोद्याचे, म्हणजे तीन पिढ्यांपासूनचे. मी एका रासायनिक कारखान्यातून निवृत्त झालोय, बायको अजून शाळेत शिकवते. मुलगी बंगळुरूला, मुलगा जर्मनीत. दोघंही सुखात आहेत, तेव्हा हे रडगाणं नाही.

घर रिकामं होतं, असं सगळे म्हणतात. मला ते तसं वाटत नाही. सामान तेच असतं, माणसंही निम्मी उरलेली असतात. जातं ते वेळापत्रक. वीस-बावीस वर्षं घर मुलांच्या घड्याळावर चाललेलं असतं. साडेपाचचा गजर, डबा, रिक्षावाल्या काकांचा हॉर्न, संध्याकाळची ट्यूशन, परीक्षेच्या दिवसांत टीव्हीचा बंद आवाज. हे सगळं एका दिवसात थांबतं आणि त्याजागी काहीच येत नाही. गजर तेवढा वाजत राहतो, कारण तो बंद करायचं कुणाला सुचत नाही. त्यामुळे छंद शोधा, योगवर्गाला जा, हे सल्ले मला अर्धवट वाटतात. आधी दिवसाला नवे खुंटे ठोकावे लागतात, मग त्यांवर काय टांगायचं ते बघता येतं.

आमचा पहिला खुंटा स्वयंपाकघरात ठोकला गेला. हाताला माप बसलेलं असतं. कणीक चौघांची भिजते, वरण चौघांचं शिजतं आणि फ्रिजमध्ये वाट्या साठत जातात. पाच लिटरच्या कुकरमध्ये मूठभर तूरडाळ लावली तर तळाशी पसरते आणि धड शिजत नाही. दोन लिटरचा कुकर आणा, जूनच्या आधीच आणा. दुधाची पिशवी अर्ध्या लिटरची करा. भाजीवाल्याला "पाव किलो" म्हणायला सुरुवातीला लाज वाटते, तो मात्र मुकाट्यानं तोलून देतो. बायको सकाळी शाळेत असते, म्हणून आता सकाळचा स्वयंपाक माझ्याकडे आहे. आमटी जमते, पालेभाजी जमते. पोळ्या जमतात, पण नकाशे निघतात.

काही पदार्थ मात्र दोघांसाठी होतच नाहीत. पुरणपोळी घ्या, किंवा आमच्याकडचं उंधियू घ्या. सुरती पापडी, कंद, रताळी, छोटी वांगी, मेथीची मुठियां, हिरवा लसूण, एवढं सगळं निवडायचं आणि खाणारी तोंडं दोन! आम्ही त्यावर तोड काढली. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, सोसायटीतली तीन घरं मिळून एकाच गच्चीवर बसतो. एक घर उंधियू, एक जिलेबी, तिसरं चहा आणि चिक्की. तिन्ही घरांची मुलं बाहेर आहेत. पंचावन्न-साठीची माणसं पतंग कापल्यावर "काप्यो छे!" म्हणून ओरडतात, तेव्हा शेजारच्या गच्चीवरची कॉलेजची पोरं आमच्याकडे बघून हसतात. हसू देत. दुसऱ्या दिवशी, वासी उत्तरायणाला, पुन्हा वर जातो.

आता एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. मुलं घरात असतात तेव्हा नवरा-बायको थेट फार कमी बोलतात. "बाबांना सांग जेवायला या," "आईला विचार चावी कुठेय." भांडण झालं तर मुलगी मध्ये बसून दोन्हीकडचे निरोप पोचवायची आणि दोन्हीकडच्या धारा बोथट करूनच पोचवायची. ती गेल्यावर पहिल्या भांडणात आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर समोरासमोर, आणि निरोप न्यायला कुणी नाही. विषय काय होता, तर पंख्याचा वेग. शेवटी बायकोनंच म्हटलं, "मला ऐकू येतं, माझ्याशीच बोला." घरातला सगळ्यात मोठा बदल मला विचाराल तर हा आहे. त्याला वेळ लागतो. आणि तो सहज होईल, असं मी सांगणार नाही.

दिवसातली वाईट वेळ संध्याकाळी साडेपाच ते सात. दप्तरं आपटायची, भूक लागायची, ती वेळ. त्या वेळात घरात बसायचंच नाही, असं आम्ही ठरवलं. पायीच कमाटीबागेत जातो. सयाजीरावांनी १८७९ साली लोकांसाठी केलेली ही बाग, मुलांना इथं आणून आणून आमचे पाय झिजले होते. मुलं लहान असताना आतल्या संग्रहालयात दोनच गोष्टी बघायचो: इजिप्तची ममी आणि देवमाशाचा सांगाडा. मही नदीच्या मुखाशी १९४४ साली वाहून आलेला निळा देवमासा आहे तो. पोरं त्याच्याखाली उभं राहून मान मोडेपर्यंत वर बघायची आणि मग आइस्क्रीम मागायची. आता कुणी हात धरून ओढत नाही, तर चित्रदालनात जाता येतं. इमारत १९१४ ला पूर्ण झाली, पण महायुद्धामुळे युरोपातली चित्रं तिथंच अडकली आणि दालन १९२१ ला उघडलं, हे मला साठीच्या उंबरठ्यावर, पाट्या सावकाश वाचल्यावर कळलं. इतकी वर्षं याच गावात राहून!

बागेतून बाहेर पडलं की विश्वामित्री नदीचा पूल आणि पुढं काळा घोडा चौक. हिवाळ्यात ऊन असताना पुलावरून खाली बघा, काठावर मगरी पहुडलेल्या दिसतात. भर गावात, वर रिक्षा आणि बसची गर्दी, खाली मगर. बाहेरगावच्या लोकांना हे खोटं वाटतं. मगर दिसली तर फोटो काढायचा आणि मुलांना पाठवायचा, हा आमचा नियम. "आज मोठी होती," एवढंच लिहितो. त्यावर जर्मनीतून लगेच उत्तर येतं; "जेवलास का?"ला मात्र दुसऱ्या दिवशी. यातून घ्यायचं ते घ्या. रोज ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल करणाऱ्या आईबापांच्या मी विरुद्ध आहे. त्या वेळी बोलायला कुणाकडेच काही नसतं, दोन्ही बाजू एकमेकांचं कपाळ बघत बसतात. काहीतरी सांगण्यासारखं घडलं की फोन करावा, आणि सांगण्यासारखं घडावं म्हणून घराबाहेर पडावं.

ऑगस्ट २०२४ च्या पुरात मात्र उलटं झालं. विश्वामित्रीचं पाणी वस्त्यांत शिरलं, त्याबरोबर मगरीही आल्या, रस्त्यावरच्या मगरीचे व्हिडिओ जगभर फिरले. आमच्या सोसायटीत वीज नव्हती, पाणी पायरीपर्यंत. मुलगा दर तासाला फोन करून "वरच्या मजल्यावर जा, मेणबत्त्या आहेत का, औषधं कुठं ठेवलीत" असं दरडावत होता. फोनची बॅटरी त्याच्या काळजीनंच संपली.

छोट्या सहलींचं विचाराल तर आमचे तीन नियम आहेत. संध्याकाळी घरी परतायचं. आधीपासून हॉटेल-बिटेल काही ठरवायचं नाही. आणि ठिकाण एकानं निवडलं तर दुसऱ्यानं तिथं गेल्यावर कुरकुर करायची नाही. तिसरा सगळ्यात अवघड. मोठ्या ग्रुप टूरच्या वाटेला आम्ही जात नाही. बसमध्ये अंताक्षरी खेळून मला कुठल्याही देशात जायचं नाही. हे माझं वैयक्तिक मत, बायकोचं वेगळं आहे.

या नियमांत सगळ्यात छान बसतं ते नर्मदेकाठचं चांदोद. प्रतापनगर स्टेशनवरून एकतानगरला, म्हणजे केवडियाला, जाणारी मेमू लोकल पकडायची. ब्रॉडगेजची ही लाइन केवडियापर्यंत २०२१ मध्ये सुरू झाली. वाटेत डभोई लागतं. रेल्वेची आवड असणाऱ्याला डभोईवरून मान न वळवता जाता येत नाही: गायकवाडांनी १८६२ साली मियागाम ते डभोई नॅरोगेजचे रूळ टाकले, आणि सुरुवातीला डबे बैल ओढायचे. माझ्या लहानपणी डभोईला चहूबाजूंनी छोट्या गाड्या यायच्या, आजोबा खिडकीतून कोळशाचा कण डोळ्यात जाईल म्हणून ओरडायचे. परतताना उतरायचं असेल तर गावाच्या पूर्वेचा हिरा भागोळ दरवाजा बघा. हिरा नावाच्या कारागिराला तिथं जिवंत गाडलं, अशी दंतकथा सगळे सांगतात. बायकोनं ती वर्गात सांगितली आणि आठवडाभर पोरं तिला तेच प्रश्न विचारत होती.

चांदोदला नर्मदा आणि ओरसंग मिळतात, तिसरी सरस्वती गुप्त म्हणून त्रिवेणी. आमच्याकडची पुष्कळ मराठी कुटुंबं तिथं श्राद्धासाठीच जातात, त्यामुळे आमच्या डोक्यात चांदोद म्हणजे मुंडण केलेली डोकी आणि पिंड, असंच होतं. नुसतं फिरायला कुणी जात नाही. आम्ही गेलो. घाटावर नावाड्याशी भाव ठरवायला बायको पुढं, कारण माझी गुजराती ऐकून तो मला पाहुणा समजतो आणि दर वाढवतो. ती मात्र "भाई, अमे तो वडोदराना ज छीए" म्हणून दर अर्ध्यावर आणते. नाव संगमापर्यंत जाते, मग कर्नाळीच्या काठाला लागते, तिथं कुबेरेश्वराचं देऊळ. वरच्या धरणातून किती पाणी सोडलंय त्यावर सगळं अवलंबून: कधी घाटाच्या पायऱ्या बुडालेल्या, कधी वाळूच्या पट्ट्यावर उतरून पाय बुडवता येतात. आम्हाला वाळू मिळाली. बायकोनं चपला हातात घेतल्या, साडी खोचली आणि गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली. मी बरोबर आणलेले दशमी आणि लसणाची चटणी काढली. दुपारच्या गाडीला भरपूर वेळ होता, तरी ती घाई करत होती आणि मी नव्हतो. एरवी हे उलट असतं.

त्याच वाटेवर पुढं गरुडेश्वर आहे. टेंबे स्वामींची, म्हणजे वासुदेवानंद सरस्वतींची समाधी तिथं आहे, १९१४ मधली. बडोद्यातल्या दत्तभक्त घरांत हे वेगळं सांगावं लागत नाही. आई असेपर्यंत तिला घेऊन जायचो, आता आम्ही दोघं जातो.

हिवाळ्यात डभोईजवळच्या वढवाणा तलावावर पहाटे जा. गायकवाडांच्या काळातला सिंचनाचा तलाव, २०२१ पासून रामसरच्या, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत. हिमालय ओलांडून येणारे, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस तिथं शेकड्यांनी उतरतात. दुर्बीण नसली तरी चालतं, स्वेटर मात्र हवा.

गावातल्या गावात फिरायचं तर मांडवीची सेंट्रल लायब्ररी. सयाजीरावांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून हे सगळं उभं केलं. पुस्तकांच्या लोखंडी मांडण्या आणि मध्ये जाड काचेची जमीन, वरच्या मजल्याचा उजेड खाली यावा म्हणून. मराठी पुस्तकं भरपूर. तिथून चालत न्यायमंदिराची जुनी इमारत, मग सेवउसळ. तिखट रस्सा वरून पुन्हा मागायचा, डॉक्टरला सांगायचं नाही.

सणांना थोडं जड जातं, तेवढं धरून चाला. दोघांनी गणपतीची आरती म्हणायची म्हणजे एकानं टाळ वाजवायचे आणि दुसऱ्यानं ताट धरायचं, घंटेला हात उरत नाही. आम्ही युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलवर राहणाऱ्या, जळगाव-धुळ्याकडच्या ओळखीच्या पोरांना बोलावतो. मोदक उरत नाहीत. नवरात्रात मुलगी गरबा खेळून येईपर्यंत आम्ही दाराकडे डोळे लावून जागायचो. आता आम्हीच सोसायटीच्या चौकात खेळतो, आणि ती बंगळुरूहून विचारते, "एवढा उशीर? गुडघे ठीक आहेत ना?"

मुलांच्या खोलीबद्दलही तुम्ही विचारलंय. पलंग ठेवा, मुलं येणार आहेत. बाकी देवघर करून ठेवू नका. आमच्याकडे मुलाच्या टेबलावर बायको पेपर तपासते आणि त्याच्या क्रिकेटच्या बॅटनं मी गच्चीवरच्या गाद्या झोडपतो. त्याला फोटो पाठवला, तर म्हणाला, "हँडल सांभाळा."

तुम्ही कुठल्या गावात राहता ते लिहिलेलं नाही. बडोद्याच्या आसपास असाल तर चांदोदला डिसेंबर-जानेवारीत जा, आणि निघण्याआधी कॅलेंडर बघा. अमावास्येला कर्नाळीच्या त्याच कुबेरेश्वराच्या, म्हणजे कुबेर भंडारीच्या दर्शनाला एवढी गर्दी असते की नावेत बसायला जागा मिळत नाही.