बिलावर सही केली असली तरी सोडू नका

ताई, तुमची पोस्ट वाचून पोटात कालवलं. लग्नाच्या जेवणात साडेनऊलाच काउंटर रिकामे, नवरदेवाकडची माणसं न जेवता परतली आणि वर हॉटेल म्हणतंय, 'बिलावर तुमची सही आहे.' डिसेंबर २०१९ मध्ये, पुण्यातल्या एका पंचतारांकित हॉटेलात, माझ्या धाकट्या बहिणीच्या रिसेप्शनला हेच घडलं.

विहीणबाई ताट हातात धरून उभ्या. समोरच्या भांड्यात तळाला नुसता तेलाचा तवंग, खालच्या पाण्याची वाफ मात्र चालू. कॅप्टनचं, म्हणजे वाढप्यांच्या प्रमुखाचं, एकच पालुपद, 'पाच मिनिटं, सर.' दोन काउंटर लावतो म्हणणारा सेल्सवाला लग्नाआधीच नोकरी सोडून गेला होता आणि त्याचा शब्द कागदावर कुठेच नव्हता.

पण मला सगळ्यात महागात पडली ती सव्वाअकराची सही. बहीण गाडीत बसत होती, आई रडत होती आणि कॅप्टन काळं फोल्डर उघडून उभा. गॅरंटी, म्हणजे आधी ठरलेली किमान ताटं, ३००; हॉटेलची मोजणी ४१२. 'सही झाली की डिपॉझिट सोडतो.' मी केली. १८०० रुपयांप्रमाणे ११२ ताटं जास्त, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळजवळ दोन लाख अडतीस हजार. सहीच्या वर 'मोजणी मान्य नाही' एवढे तीन शब्द लिहायला हवे होते. पुढे सात महिने त्यांच्या तक्रार विभागाला मेल केले. दरवेळी दिलगिरीच्या दोन ओळी आणि खाली माझ्याच सहीचं स्कॅन. माणसं उपाशी गेली त्याबद्दल अक्षर नाही. अजून आठवलं की संताप होतो. शेवटी थकून मी सोडून दिलं, तसं तुम्ही करू नका.

मी वकील नाही, तुमचा करारही पाहिलेला नाही, तेव्हा जाणकाराला एकदा दाखवाच. पण माझं ठाम मत आहे, की सही ताटांच्या आकड्यावर असते, 'जेवण नीट मिळालं' यावर नसते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही दाखल करता येते, वकील लागतोच असं नाही, हॉटेलला पाच लाखांपर्यंत पैसे दिले असतील तर फी नाही. मुदत दोन वर्षं.

बिलात सर्व्हिस चार्ज असेल तर तोही बघा. तो सक्तीने लावता येत नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये म्हटलंय.

आणि एक काम आजच करा. फोटोग्राफरला फोन लावून न निवडलेले सगळे फोटो मूळ फाइलींसकट मागून घ्या. त्यात वेळ नोंदलेली असते. रिकामी भांडी कुठल्या ना कुठल्या फोटोत मागे दिसतीलच. आमच्याकडच्याने अल्बम दिल्यावर सगळं उडवलं होतं.