बोटीवरचं बिऱ्हाड : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे मिस्टर मालवाहू बोटीवर मोटरमन (इंजिनरूममधले कामगार) आहेत. बोट चालू असली की पाण्याची तक्रार नसते. बंदराबाहेर नांगर टाकून आठ-दहा दिवस थांबली, की ‘पाणी ठरावीक वेळेलाच सोडतात’ म्हणतात. चहूकडे समुद्र असताना असं का? (दापोली)

उत्तर : समुद्र आहे, पण तो उकळायला उष्णता लागते आणि ती मुख्य इंजिनाची असते. इंजिन थंड ठेवणारं पाणी साधारण 80 अंशांना बाहेर पडतं, तेच इव्हॅपोरेटरमधून, म्हणजे समुद्राचं पाणी उकळून गोडं करणाऱ्या यंत्रातून फिरवतात. आतला दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे एक दशांशावर आणलेला असतो, म्हणून समुद्राचं पाणी 45-50 अंशांतच उकळतं. ती वाफ थंड केली, की मोठ्या बोटीवर दिवसाला 20-25 टन गोडं पाणी मिळतं. वाफेबरोबर खारे तुषार आलेच, तर मीटर पकडतो. क्षार 10 पीपीएमच्या (दहा लाख भागांत दहा भागांच्या) वर गेले, की झडप ते पाणी टाकीकडे जाऊच देत नाही.

नांगरावर इंजिन बंद, म्हणजे उष्णताही बंद. शिवाय किनाऱ्यापासून 20 सागरी मैलांच्या आत इव्हॅपोरेटर सहसा लावत नाहीत. तिथलं पाणी घाण, आणि 50 अंशांत जंतू मरत नाहीत. मग टाकीतला साठा पुरवून वापरायचा. पहिली गदा वॉशिंग मशिनवर. एरवीही हे पाणी पचपचीतच लागतं, कारण त्यात क्षार नसतात. पिण्याच्या पाण्यासाठी ते खनिजांच्या गाळणीतून आणि अतिनील दिव्यासमोरून नेतात.

प्रश्न : मुलगा पूर्वेकडे जाणाऱ्या बोटीवर आहे. रोज वेगळ्याच वेळेला फोन करतो. असं का? (सातारा)

उत्तर : दर 15 रेखांशांना एक तास. पूर्वेला जाताना घड्याळ पुढे, पश्चिमेला मागे. हा तास रात्री एकदम काढला, तर 12 ते 4 च्या पाळीला तीनच तास भरावे लागतात आणि परतीला पाच! म्हणून बऱ्याच बोटींवर 4-8, 8-12 आणि 12-4 अशा तिन्ही पाळ्यांना वीस-वीस मिनिटं वाटून देतात. भिंतीवरची घड्याळं ब्रिजवरच्या (बोट चालवायच्या खोलीतल्या) मुख्य घड्याळाबरोबर आपोआप सरकतात, मोबाइल मात्र नाही. किनारा जवळ आला, की तो तिथलं नेटवर्क धरून परस्पर वेळ बदलतो आणि गजर चुकतो. मुलाला मोबाइलची आपोआप वेळ बंद ठेवायला सांगा. फोनची वेळ भारतीय वेळेतच ठरवा.

प्रश्न : बोटीवर संडासात टिश्यू टाकू नये म्हणतात, खरं का? (मालवण)

उत्तर : साधा टॉयलेट पेपर चालतो, ओले वाइप्स अजिबात नाहीत. बोटीवरचा व्हॅक्यूम संडास हवेच्या ओढीने मैला खेचतो, म्हणून एका वेळी लिटर-दीड लिटर पाण्यावर चालतो. एकाच्या केबिनमधली झडप उघडी अडकली, तर सगळ्या लाइनीची ओढ जाते. ॲसिड किंवा ब्लीच ओतू नये, मैलाटाकीतले उपयोगी जिवाणू मरतात.

प्रश्न : भाचा शिकाऊ कुक म्हणून जातोय. बोट हलताना स्वयंपाक कसा करतात? झोपतात कसे? (अलिबाग)

उत्तर : बहुतेक मालवाहू बोटींवर गॅस नसतो, हॉटप्लेट असते. तिच्यावर आडवे-उभे गज बसवतात आणि भांडं त्या चौकटीत अडकवतात. भांडं अर्ध्याच्या वर भरू नये. समुद्र खवळलेला असताना तळण नाहीच. त्या दिवशी खिचडी. जाळ नसल्यामुळे फुलका फडक्याने दाबतच फुगवावा लागतो, हे भाच्याने घरीच जमवून जावं. मेसमध्ये टेबलावर ओली चादर अंथरली, की ताटं घसरत नाहीत. दार मात्र हुकाला लावायचं, नुसतं लोटलेलं दार बोटं चेचतं.

झोपण्यासाठी गादीच्या बाहेरच्या कडेखाली लाइफ जॅकेट सरकवतात. गादी भिंतीकडे कलते आणि माणूस त्या खोबणीत टिकतो. खुर्ची साखळीने बांधायची आणि चहाचा कप बेसिनमध्ये टॉवेलवर ठेवायचा. रात्रभर वाजणाऱ्या कपाटाच्या फटीत घडी केलेला कागद कोंबावा.